म्हाताऱ्यांची बेरीज

३ जून

ही वही योरुनने आणून दिली. म्हणाली, "रेडिओवर आणि माझ्यावर जे रोज ओरडतोस, ते हिच्यात ओरड. हिला कान नाहीत." चाळीस वर्षं संसार झाल्यावर बायको असं बोलते आणि आपण गुपचूप वही उघडतो.

आज ओरडायला कारण आहे. मासेमारी कार्यालयाचं पत्र आलंय. "आपल्या 'मोल्फ्रिद' या बोटीच्या नोंदवहीत पक्ष्यांचा रकाना गेली चौदा वर्षं कोरा आहे. सदर माहिती विश्वासार्ह वाटत नाही." सरळ भाषेत सांगायचं तर हिल्मार खोटारडा आहे.

मी खोटारडा! उन्हाळ्यात आम्ही हॅडॉक माशासाठी तरंगती दोरी सोडतो, म्हणजे तळाला न टेकता पाण्यात मधेच लोंबणारी. मैलोगणती दोरी, तिला चार हजार गळ, प्रत्येक गळाला बांगड्याचा तुकडा. ती पाण्यात बुडायच्या आत पक्षी त्या तुकड्यांवर झडप घालतात, गळाला अडकतात आणि दोरीबरोबर खाली जातात. दोरी ओढताना ते वर येतात, भिजलेल्या बोळ्यासारखे. मी एकूण एक मोजतो. चौदा वर्षांत एकही सोडलेला नाही. "म्हातारे ४." "म्हातारे ७." शेऱ्याच्या रकान्यात, स्वच्छ अक्षरात.

पक्ष्यांच्या रकान्यात लिहीत नाही, कारण तिथे पक्ष्याचं नाव मागतात आणि ते नाव बोटीवर कुणी लिहीत नाही की उच्चारत नाही. ही वही स्वयंपाकघरातच राहते म्हणून इथे लिहितो: दर्याघोडा. समुद्रावर घोड्याचं नाव काढलं की वादळ येतं नाहीतर माणूस जातो, हे माझ्या बापाने मला पहिल्याच दिवशी कान पिळून शिकवलं. म्हणून आमच्या बोटीवर ते म्हातारे. राखाडी अंग, जाड मान आणि दिवसभर कुरकुर. मासेमारी कार्यालयात बसणाऱ्याला एवढंही कळत नसेल तर तो तिथे काय माशा मारतो?

याच कार्यालयाने दोन वर्षांपूर्वी आम्हाला "वयस्कर खलाशी आणि सुरक्षितता" नावाची पुस्तिका आणि बोटीवर बसवायला आधाराचा दांडा पाठवला होता. न मागता. माझा खलाशी आयलर्ट त्यावर मोजे वाळत घालतो. का पाठवलं ते देव जाणे.

खरी मेख पत्राच्या शेवटी आहे. कड्यावरची घरटी कमी होत चालली आहेत, मेलेल्या पक्ष्यांच्या घशात गळ सापडले आहेत. एक तज्ज्ञ बाई येऊन उन्हाळाभर आमच्याबरोबर फिरणार. तिच्या अहवालावर ठरणार की पुढच्या वर्षापासून आमच्या हामनेस गावात तरंगती दोरी चालू ठेवायची की बंद करायची. बंद झाली तर उन्हाळ्यात चार बोटी धक्क्याला, आणि आमिष लावायच्या शेडमधल्या सहा बायका घरी. त्यातली एक योरुन.

६ जून

शेडमध्ये चारही बोटींचे तांडेल जमलो. बायका टबांमध्ये दोऱ्या वेटोळत गळांना बांगडा लावत होत्या आणि कान आमच्याकडे होते.

टोरलाइफ म्हणाला, "कसले पक्षी? मला तर कधी पक्षी लागलेला आठवत नाही." बाकीचे दोघे हसले. टोरलाइफची बोट माझ्या दुप्पट, गळ दुप्पट, आणि चौदा वर्षं त्याच्या रकान्यात शून्य. काही माणसं नशीबच घेऊन येतात. मी त्याला विचारलं की तू दोरी सोडतोस तरी कशी, जरा मलाही शिकव. यावर सगळे पुन्हा हसले. मला त्यात विनोद दिसला नाही.

योरुनने आज दोन वेळा बोटात गळ टोचून घेतला. वय झालं तिचंही.

१२ जून

तज्ज्ञ बाई आली. नाव सुनिवा, वय चौतीस, दक्षिणेकडच्या शेतीवाल्या मुलखातली. तिचं पहिलंच पाऊल चुकलं: पाठपिशवी पाठीवर घेऊन बोटीवर चढायला निघाली. आयलर्ट, म्हणजे योरुनचा भाऊ आणि तीस वर्षं माझा एकुलता एक खलाशी, दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला.

"पाठपिशवी बोटीवर येत नाही."

"का?"

"येत नाही म्हणून येत नाही."

शेवटी तिचं सगळं सामान धक्क्यावर काढून माशांच्या खोक्यात भरलं आणि ते खोकं चढवलं. पिशवी राहिली शेडमध्ये. पोरगी रागावली नाही. उलट वहीत काहीतरी टिपून घेतलं.

मग तिने कार्यालयाचं सूचनापत्रक काढलं. पहिलीच सूचना: दोरी अंधारात सोडावी, अंधारात पक्ष्यांना आमिष दिसत नाही.

आयलर्टने आभाळाकडे पाहिलं. महिना झाला, सूर्य मावळलेला नाही. "चालेल की," तो म्हणाला. "अंधार नोव्हेंबरात येईल. थांबतेस तोवर?"

ती हसली. मला वाटलं होतं नाक वर करून वागणारी कुणी असेल. तशी नाही. पण बाकीच्या तीन तांडेलांनी तिला बोटीवर घेतलं नाही. एकाचं इंजिन बिघडलंय, एकाकडे झोपायला फळी नाही, टोरलाइफचं काय ते कळलं नाही. म्हणजे उन्हाळाभर ती आमच्याच गळ्यात.

१४ जून

पहिली फेरी. हॅडॉक बरे. म्हातारे पाच. ओढताना ती बाजूला उभी होती, तिनेही पाच मोजले. मी नेहमीसारखं शेऱ्यात लिहिलं. तिने माझ्या खांद्यावरून नोंदवहीत पाहिलं, पक्ष्यांचा कोरा रकाना पाहिला आणि परत येईपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. बोट लागली असेल. दक्षिणेची माणसं नाजूक.

१६ जून

वारा. गेलो नाही. योरुनने माझी जुनी नारिंगी मेणकापडं मागितली. बटाट्यांच्या वाफ्यात बुजगावणं करायचंय म्हणे. आम्ही बटाटे लावत नाही. विचारलं तर म्हणाली, "लावणार आहे." जून अर्धा संपला. पण बाईमाणसाशी बागेवरून कोण भांडणार?

सुनिवा तिच्यासोबत शेडमध्ये दिवसभर गळांना बांगडा लावत बसली होती. दोघींचं बरं जमलंय.

१९ जून

आजचा दिवस वाईट. लिहून काढतो म्हणजे डोकं शांत होईल.

सकाळी दोरी ओढली, म्हातारे सहा. सुनिवा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पहिल्या फेरीपासून मनात ठेवलं होतं, आज फुटली.

"हिल्मार, तू मोजतोस. मी पाहिलंय, बोटांवर मोजतोस. पक्षी तुझ्या डोळ्यांसमोर आहेत. पेन्सिल तुझ्या हातात आहे. मग घोडं कुठे पेंड खातंय?"

आयलर्टच्या हातातला मासा पडला. मी इंजिन बंद केलं, का ते मलाही कळलं नाही. आयलर्टने कमरेचा सुरा काढून डोलकाठीत खुपसला, तीन वेळा थुंकला आणि म्हणाला, "घरी. आत्ताच्या आत्ता." अजून दोन दोऱ्या ओढायच्या होत्या. तरी मी बोट घराकडे वळवली. तिला काही कळेना. "काय झालं? मी काय बोलले?" तिला सांगायचं म्हणजे तोच शब्द पुन्हा काढावा लागणार, म्हणून आम्ही दोघे मुक्यासारखे बसून राहिलो. समुद्र मात्र आरशासारखा होता.

धक्क्यावर योरुनने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. तिने पोरीला बाजूला घेऊन समजावलं. पोरगी लाल झाली. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "चुकलं माझं. आमच्याकडे शेतावर दिवसातून दहा वेळा घो... त्या जनावराचं नाव निघतं. पण पक्ष्याच्या नावातच ते आहे. मग तुम्ही पक्ष्याला काय म्हणता?"

"म्हातारे," मी म्हणालो. "दुसरं काय म्हणणार?"

ती खोक्यावर बसली. "शेऱ्यातले म्हातारे? 'म्हातारे ६'?"

"आणि काय?"

"हिल्मार," ती म्हणाली, "कार्यालयात ते खलाशांच्या रकान्यात चढवलंय. संगणकानुसार तुझ्या बोटीवर चौदा वर्षं सरासरी चार म्हातारे काम करतात."

आयलर्ट आधी हसला. आधाराच्या दांड्याचं कोडं तेव्हा उलगडलं. योरुनच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी हसलो नाही. चौदा वर्षं माझं अक्षर वाचून त्यांना वाटलं की मी दर फेरीला वेगवेगळे म्हातारे समुद्रावर नेतो! एकदा सात नेले, एकदा अकरा. एवढ्या म्हाताऱ्यांना चहा कोण देणार, एवढा तरी विचार करायचा होता.

२२ जून, रविवार

सकाळपासून ताठ मानेने फिरतोय. चौदा उन्हाळ्यांच्या नोंदवह्या पोटमाळ्यावरून काढल्या आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर सुनिवासमोर रचल्या. "घे. बेरीज कर. मग कळू दे त्यांना हामनेसमध्ये खोटारडा कोण आहे." ती आणि योरुन एकेक पान वाचत बसल्या, मी फिशकेक तळायला घेतले. शिट्टीही वाजवली. बोटीवर नाही, पण जमिनीवर चालते.

तीन तास लागले. तिने दोनदा मोजलं. मग कागद माझ्याकडे वळवला.

एक हजार आठशे त्र्याहत्तर.

मी म्हणालो, "चुकलंय." ती म्हणाली, "दोनदा केलंय." मग योरुनने केलं. तेवढेच आले.

"कड्यावर आता किती घरटी आहेत?" मी विचारलं. खरं तर विचारायचं नव्हतं.

"चारशे बारा. नऊ-दहा वर्षांचा झाल्याशिवाय हा पक्षी अंडं घालत नाही. मग वर्षाला एकच. चाळीस-चाळीस वर्षं जगतो, सोडला तर." तिने ते दटावून सांगितलं नाही. हवामान सांगावं तसं सांगितलं.

फिशकेक करपले. मी बाहेर जाऊन धक्क्यावर बसलो. रोज चार, कधी सात. रोजच्या चारचं कुणाला काही वाटत नाही. मी खरं लिहिलं याचा मला केवढा गर्व होता! पण चौदा वर्षांत एकदाही खाली रेघ मारून बेरीज केली नाही. मला लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

२४ जून

काल मध्य-उन्हाळ्याची शेकोटी होती. गेलो नाही. आयलर्ट येऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "तांडेल, ते म्हातारे मीही पाण्यात फेकलेत. अर्धे माझे." असं बोलून गेला. याआधी इतकं लांब वाक्य तो गेल्या वर्षी बोलला असेल.

आज मात्र डोकं चाललं. दुपारी खिडकीत बसलो होतो. समोर कपडे वाळत घालायच्या दोरीवर योरुनने नारिंगी मेणकापडाच्या लांब लांब चिंध्या टांगल्या होत्या, बुजगावण्यासाठीच असाव्यात. वाऱ्यावर फडफडत होत्या. रोज आमच्या कचऱ्याच्या डब्यावर बसणारे सीगल आज अंगणाच्या बाहेर घिरट्या घालत होते. आत एकही येईना.

मी ताडकन उठलो. बोटीच्या मागे उंच काठी उभारायची, तिच्यापासून मागे लांब दोर सोडायचा, दोराला अशा चिंध्या! गळ बुडेपर्यंत त्या पाण्यावर नाचत राहिल्या की म्हातारे जवळ येणार नाहीत.

योरुनला सांगितलं. ती म्हणाली, "अगं बाई! हे माझ्या डोक्यातच आलं नसतं." सुनिवाला एकाएकी ठसका लागला. तिने सांगितलं की अशी युक्ती जगात आणखीही काही ठिकाणी वापरतात. असेल. शहाण्या माणसांची डोकी सारखीच चालतात. बुजगावण्याच्या चिंध्या मोजल्या तर बरोब्बर चाळीस, सगळ्या मापात कापलेल्या. योरुन मोठ्या मनाने म्हणाली, ने सगळ्या, बटाटे राहू देत.

२७ जून

काठीचा पहिला प्रयोग. वारा आडवा लागला, चिंध्यांचा दोर मासेमारीच्या दोरीवर जाऊन बसला आणि चाळीस चिंध्या, सत्तर गळ आणि आयलर्टची बाही यांचा एकच गुंता झाला. सोडवायला दोन तास. आयलर्टने जे शब्द वापरले ते या वहीतही लिहिता येणार नाहीत, पण त्यात त्या जनावराचं नाव नव्हतं. एवढ्या रागातही नव्हतं. याला म्हणतात वळण.

म्हातारे तीन. गुंता सोडवत असताना ते आजूबाजूला बसून बांगडा खात होते.

२ जुलै

काठी दीड हात वाढवली. दोराच्या टोकाला जुना बोया बांधला, तो पाण्यात ओढला जातो आणि दोर ताणलेला राहतो. सुनिवाने आणखी एक सांगितलं: बांगडा गोठलेला असला की तरंगतो, पूर्ण वितळलेला लवकर बुडतो. चाळीस वर्षं आम्ही अर्धवट गोठलेला लावतोय, कारण तो बोटांतून निसटत नाही. आता शेडमधल्या बायका कुरकुरतात. योरुनने त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण दुपारनंतर कुणी बोललं नाही.

म्हातारा एक.

९ जुलै

तीन फेऱ्या झाल्या. शून्य, शून्य, शून्य. म्हातारे चिंध्यांच्या पलीकडे बसतात आणि आमच्याकडे बघून कुरकुरतात. आयलर्ट त्यांना म्हणतो, "या ना, लाजता कशाला?" सुनिवा नोंदी करते. हॅडॉकही वाढले, कारण गळावरचा बांगडा आता माशांसाठी उरतो. हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी उगाच लाजेपर्यंत थांबलो नसतो.

नावाचा प्रश्न मात्र उरला होता. कार्यालयाला रकान्यात खरं नावच हवं. आयलर्ट म्हणाला, ते नाव बोटीवर लिहिलं तर मी उतरतो. योरुनने रबरी शिक्का करवून आणला. त्यावर पक्ष्याचं नाव कोरलंय. शिक्का मारणं म्हणजे लिहिणं नव्हे आणि बोलणं तर नव्हेच. आयलर्टने दोन दिवस विचार केला. आज म्हणाला, "मारताना तो वाचायचा नाही, मग चालेल." मी डोळे मिटून मारतो. थोडा तिरपा पडतो.

२२ जुलै

पुन्हा पत्र. तीनदा वाचलं.

सुनिवाने माझा आकडा त्यांना कळवला होता. मीच सांगितलं होतं, कळव म्हणून. त्यांनी तो बाकीच्यांच्या आकड्यांशेजारी मांडला. तीन बोटींची चौदा वर्षांची नोंद शून्य. एका बोटीची एक हजार आठशे त्र्याहत्तर. "यावरून समस्या हामनेसची नसून एकाच बोटीची दिसते." प्रस्ताव असा की बाकीच्यांना तरंगती दोरी चालू ठेवू द्यावी आणि 'मोल्फ्रिद'चा परवाना काढून घ्यावा. सुनावणी १४ ऑगस्टला, शेडमध्ये.

सुनिवा रडकुंडीला आली होती. "मी अहवालात लिहिलंय की बाकीचे आकडे अशक्य आहेत. पण मी त्यांच्या बोटींवर गेलेच नाही. पुरावा कुठून आणू?"

"अशक्य का?" मी म्हणालो. टोरलाइफला लागत नाहीत, हे मी तिला समजावणार होतो. पण ती माझ्याकडे अशी बघू लागली की मी थांबलो. योरुन कणीक मळत होती. तिला विचारलं, "टोरलाइफला खरंच एकही लागत नाही?"

तिने हात थांबवले. "हिल्मार, त्याच्या दोरीच्या टबांतली पिसं मी चौदा वर्षं साफ करतेय."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. तुझा त्याच्यावर जीव आहे. आणि पिसं साफ करायचं काय, शेडमधलं निम्मं काम तोच देतो."

४ ऑगस्ट

बारा दिवस काही लिहिलं नाही. फेऱ्या चालू, म्हातारे आणखी तीन. सूर्य आता थोडा वेळ मावळतो.

आयलर्ट रोज एकच म्हणतो, "सांग त्यांना. नाहीतर मी सांगतो." योरुन म्हणते, "मी उभी राहू का? पिसांचं सांगू का?" मी दोघांना नाही म्हटलं. एका हिवाळ्यात माझं इंजिन बंद पडलं आणि बोट खडकाकडे निघाली होती, तेव्हा टोरलाइफने स्वतःची बोट धोक्यात घालून मला ओढून आणलं. त्याचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. शिवाय योरुनने सांगितलं तर बाकी पाच जणींचं काम जाईल.

माझा आकडा मी सांगेन. त्यांचा सांगायचा तो त्यांनी सांगावा. हे आयलर्टला पटलेलं नाही. मलाही रोज पहाटे उठल्यावर पटत नाही, दुपारपर्यंत पटतं. परवाना गेला तर मी त्रेसष्टाव्या वर्षी काय करणार, हे दुपारीही कळत नाही.

१४ ऑगस्ट

शेडमधले टब भिंतीला लावले, बाकं मांडली. कार्यालयातून चष्मेवाले गृहस्थ आले. वागायला सज्जन. अख्खं गाव जमलं होतं. योरुन आमिषाचा एप्रन न काढता दारापाशी उभी राहिली.

त्यांनी चारही बोटींचे आकडे वाचले. शून्य, शून्य, शून्य, आणि माझा. मग म्हणाले, "आपल्याला काही सांगायचंय?"

मी उठलो. मनात पाठ केलेलं सगळं विसरलो.

"आकडा बरोबर आहे," मी म्हणालो. "एक हजार आठशे त्र्याहत्तर दर्याघोडे. माझ्या गळांनी मेले. या उन्हाळ्यातले सव्वीस जूनपर्यंतचे यातच धरले पाहिजेत, ते आणखी अकरा होतात. काठी लावल्यापासून सात. काठी कशी करायची ते कुणालाही दाखवीन, परवाना राहो न राहो. बाकीच्या बोटींचं मला ठाऊक नाही."

तो शब्द मी इतक्या माणसांसमोर पहिल्यांदाच उच्चारला. जमिनीवर होतो, तरी आयलर्टने दोष टळावा म्हणून बाकाच्या लोखंडी खिळ्याला बोट लावलं.

बसलो. गृहस्थ कागद आवरायला लागले. मी योरुनकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर मला राहवलं नसतं.

तेवढ्यात मागून बाक सरकलं. टोरलाइफ उभा होता. टोपी हातात.

"मी शून्य लिहायचो," तो म्हणाला. "शून्य लिहिलं की कुणी काही विचारत नाही." मग त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "माझी बोट याच्या दुप्पट. गळ दुप्पट. काय ते तुम्हीच समजा. मोजायचं सोडा, मी तिकडे बघायचोच नाही."

तो खाली बसला नाही, तसाच उभा राहिला. मग तिसरा तांडेल उठला, मग चौथा. बोलले काहीच नाहीत, नुसते उठले. गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. मग सगळे कागद परत पिशवीत ठेवले आणि म्हणाले की हा निर्णय त्यांना एकट्याला घेता येणार नाही, पण एका बोटीचा परवाना काढण्याचा प्रस्ताव ते आत्ताच मागे घेतात.

आयलर्ट माझ्या कानात म्हणाला, "आता तरी रड, तांडेल. उगाच रोखून धरू नकोस." रडलो नाही. घरी येऊन रडलो.

२९ ऑगस्ट

निर्णय आला. पुढच्या उन्हाळ्यात तरंगती दोरी चालू, चारही बोटींना काठी आणि चिंध्या, प्रत्येक बोटीवर आळीपाळीने सुनिवा. वर्षअखेर पुन्हा बघणार. योरुनने सांगितलं की बायकांनी दीडशे चिंध्या आधीच कापून ठेवल्या आहेत. निकाल यायच्या आधी? म्हणाली, "बटाट्यांसाठी."

सकाळी दहाला टोरलाइफ आला. बंदरावर रोज दिसतो, पण सुनावणीनंतर आमच्याकडे आला नव्हता. काठीची मापं घ्यायला आलो म्हणाला. मापं घेतली. तरी जाईना. स्वयंपाकघरात येऊन बसला. योरुनने कॉफी दिली आणि आम्हाला दोघांना सोडून शेडमध्ये गेली.

"तुझ्याकडे आकडा तरी आहे," तो म्हणाला.

मी म्हणालो की तो आकडा काही सुखाचा नाही.

"माहितीये. पण आहे. मला विचारलं तर मी काय सांगू? दुप्पट? दुप्पट हा काही आकडा नाही." त्याने कप फिरवला. "कसा रे मोजायचास तू? हात गारठलेले, मासे येताहेत, वारा..."

"एकेक करून," मी म्हणालो.

त्याने टोपी उचलली. मला वाटलं आता उठेल. मग तो म्हणाला, "एक आठवतो. पहिल्या उन्हाळ्यातला. जिवंत होता. पंखात गळ. माझ्या कोटावर पोटातलं सगळं तेल ओकला, हे म्हातारे घाबरले की ओकतात तसं. बायकोने तो कोट घरात घेतला नाही." पुढे म्हणाला, "त्याच दिवशी अजून दोन होते. मेलेले. एका गळाच्या शेजारी एक."

मी ही वही ओढली आणि पेन्सिलीला टोक काढलं. त्याने पाहिलं, पण नको म्हणाला नाही.

तो आठवत गेला, मी लिहीत गेलो. योरुन जेवायला आली तेव्हा एकोणीस झाले होते आणि आम्ही अजून पहिल्याच उन्हाळ्यात होतो. पुढची पानं त्याची आहेत.